आठाचं एक कसं झालं

उदगीर, एप्रिल २०१६

तीर्थरूप पंचाक्षरी मामांच्या चरणी सिंधुचा शरणु शरणार्थी.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला निलंग्याच्या धुळीमुळे असेल, तर हवापालटाला इकडे पाठवू नका. इथे धूळ तीच आहे आणि वर पाणी नाही. आमच्याकडे अव्वा, म्हणजे तुमची बहीण, बरी आहे, मी बरी आहे आणि अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. (हे ‘सर्व बरे’मध्ये धरावं की नाही ते ठरेना, म्हणून वेगळं लिहिलं.)

परवा फोनवर तुम्ही मला झाडलंत. मी उत्तर द्यायला लागले की तुमच्याकडे आवाज येईनासा होतो, म्हणून हे पत्र. नांदेडचं स्थळ तुम्ही आणलं आणि ते माझ्या तोंडामुळे फिसकटलं, असं तुमचं म्हणणं. तोंड माझं होतं हे कबूल, पण शिकवण कुणाची? शाळेत घालायच्या आधी मला अप्पांच्या पेंडीच्या दुकानात पोत्यावर बसवून शेर, पायली, किलो, क्विंटल कुणी घोकून घेतलं? माप बदललं तरी माल तेवढाच राहिला पाहिजे, नाहीतर ती चोरी, असं पाच वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलं? मला त्यानंतर आठवडाभर चोर दिसत होते. आता तेच मामा म्हणतात, जरा गप्प बसायचं होतं.

झालं काय ते तुम्हाला अप्पांनी सांगितलंय, म्हणजे अर्धं सांगितलंय. पाहुणे येणार होते बाराजण. बाराजणांचे पाय धुवायचे, तोंडं धुवायची, चहा आणि ताटं. अव्वाने टाकीत वाकून पाहिलं आणि टँकरचा पत्ता नाही म्हटल्यावर हात टेकले. शेवटी बघण्याचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर करायचा ठरला. तिकडे नांदेडला मुलाचे वडील अमृतराव सोफ्यावर, शेजारी मुलगा भुजंग (पुण्याच्या कंपनीत नेटवर्कचं काम करतो, हे तुम्हीच सांगितलंत). इकडे मी पातळ नेसून पेंडीच्या वासात. चित्र सारखं अडकत होतं. अमृतरावांनी विचारलं, इंटरनेटची लाइन केवढ्याची आहे. अप्पा ऐटीत म्हणाले, आठ एमबीची, आणि उदगीर जिल्हा झाला की आणखी मोठी येणार. (जिल्हा होणार हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे.)

मामा, मी तेव्हा डोळे मिटून घेतले होते. पण एमबी म्हटलं की लोक मेगाबाइट धरतात, आणि ते आठ मेगाबिट आहेत. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला माल येतो एकच मेगाबाइट. एक असताना आठ सांगून सोयरीक जमवायची? मी अगदी हळू आवाजात तेवढं बोलले. त्या दिवशी न अडकता तिकडे पोचलेलं हे एकच वाक्य.

अमृतराव सोफ्यावरून पुढे सरकले. मग म्हणाले, “ईश्वरप्पा, जमीन पण तुम्ही आठच एकर सांगितली होती. ती तरी आठ हाय, का तिचाबी एकच?”

अप्पांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. सातबारा काढायला उठले, तर अव्वाने धोतराला धरून बसवलं. तेवढ्यात मुलाला वाटलं, आपण विषय बदलावा. तो म्हणाला, आमच्या ऑफिसात सेकंदाला शंभर एमबी येतात, सातशेचा सिनेमा सात सेकंदांत उतरतो. आता हे मी कसं सोडणार? त्याचं तर ते पोटाचं काम. मी म्हटलं, शंभर मेगाबिटांचे मेगाबाइट साडेबारा होतात, सिनेमाला छप्पन्न सेकंद लागतील. नेमकं तेव्हाच चित्र अडकलं, मुलाचं तोंड उघडं राहिलेलं. सगळे धरून चालले की तो माझ्या बोलण्याने गार झाला. लाइनीचा दोष माझ्या माथी.

शेवटी अमृतराव म्हणाले, कळवतो. ‘कळवतो’चा अर्थ मला कळतो. अप्पांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि म्हणाले, “लोक लेकीसाठी एकाचे आठ करतात. तू आठाचं एक करून बसलीस.” तेव्हापासून अबोला.

तेव्हा मामा, मी माफी मागणार नाही. तुम्ही सांगितलंत, अप्पांनी सांगितलं, अमृतराव स्वतः आले तरीही नाही. खोट्या मापावर उभ्या राहिलेल्या घरात मला नांदायचं नाही. पुन्हा त्या स्थळाचं नाव माझ्यापुढे काढू नये, ही विनंती.

तुमची भाची,
सिंधु

ता. क. मुलाचा फोन नंबर पाठवावा. अमृतरावांचा नको, मुलाचाच. काम हिशोबाचं आहे. लाइनीवरून माहिती पाकिटं करून येते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि वेष्टण असतं, त्यात थोडी वाट अडते, हे मी नंतर वाचलं. साडेबारा नव्हे, पावणेबाराच्या आसपास मिळतात. पेंडवाल्याच्या मुलीने पोत्याचं बारदान वजा करायला विसरावं, याची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

ता. क. दुसरा. अप्पांकडे नंबर आहे, पण ते कारण विचारतील.

ता. क. तिसरा. वर एक लिहायचं राहिलं. चित्र सुटलं तेव्हा मुलगा मान खाली घालून कागदावर भागाकार करत होता. उत्तर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि हसला. माझ्या शब्दावर तो साडेबारा धरून बसला असेल. पत्र मिळताच नंबर पाठवा.