मोबाइलमधले आजोबा

बिबवेवाडी, २१ जुलै २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे कागदावर. सलिल ऑफिसला जाता जाता टाकून जाईल. स्पृहाला फ्लू झालाय. ताप, खोकला आणि दिवसभर किरकिर. तेव्हा रोज संध्याकाळी नातीला गोष्ट सांगायला येणं आठवडाभर बंद. डॉक्टरांनी बजावलंय, दमा आणि मधुमेह असलेल्यांना हाच फ्लू फार जड जातो. तुम्हाला दोन्ही आहेत, आणि लस टोचून घ्या म्हणून मी जूनपासून तुमच्यामागे लागलेय.

जेवताना मोबाइल द्यायचा नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं. आता दिवसातून अर्धा तास, तोही आमच्यासमोर. मग तुम्हीही एक ऐका. गोष्ट व्हिडिओ कॉलवर सांगा. आईला नमस्कार.

तुमची,
अपूर्वा

सदाशिव पेठ, २२ जुलै

चि. अपूर्वास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, भाषा मात्र सोसायटीच्या नोटिशीची. माझा दमा तीस वर्षं माझ्याबरोबर राहतोय, त्याची ओळख तुझ्या डॉक्टरांनी करून द्यायला नको.

मुलीच्या हातातून मोबाइल काढा म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला, तेव्हा कुठे तुम्हाला जाग आली. आता त्याच मोबाइलमध्ये मी जाऊन बसू? आजारी पोराला उशाशी माणूस लागतं. मास्क लावून येईन, लांब बसेन. लशीचं बघू पुढे.

जावईबापूंना आशीर्वाद.

बाबा

हॉस्पिटलातून, २८ जुलै

चि. अपूर्वास,
अनेक आशीर्वाद.

हे समोर पडलेत, मी फोनवर बोलले की कान टवकारतात, म्हणून लिहितेय. ऑक्सिजन चालूच आहे. फ्लूनं दमा उसळला, दम्याच्या औषधांनी साखर चढली. एक निस्तरायला जावं तर दुसरं डोकं वर काढतं.

मी विचारलं, तिच्याकडे मास्क लावून बसला होतात ना? तर म्हणे लावला होता, पण राक्षसाचा आवाज मास्कमधून नीट निघेना, म्हणून हनुवटीवर घेतला. काय बोलायचं या माणसाला! आणि सलिलराव घरात होते ना गं? तू औषधाच्या दुकानात गेली होतीस, मान्य. पण सासऱ्यांना दारातून परत कसं पाठवायचं म्हणून त्यांनी आत घेतलं आणि वर चहाही करून दिला. त्यांच्या भिडेपायी माझ्या नवऱ्याचा जीव जायची वेळ आली. मी रडत नाहीये, मला राग आलाय.

काल दुपारी श्वास लागला तेव्हा मला खरंच वाटलं, संपलं. आज जरा बरं आहे. स्पृहाला जप.

तुझी आई

बिबवेवाडी, १ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न.

तुम्ही सावरताय, म्हणून आता भांडते. काल तुम्ही स्वतःहून व्हिडिओ कॉल लावलात, मी धन्य झाले. पण स्पृहा एक अक्षर न बोलता पळाली, त्याचं कारण ऐका.

मागे भुतांचे व्हिडिओ बघून ती झोपेना, तेव्हा आम्ही तिला शिकवलं की मोबाइलमध्ये दिसतं ते खरं नसतं. रोज घोकून घेतलं. काल तिनं नळी लावलेल्या, धापा टाकणाऱ्या तुम्हाला पाहिलं आणि अगदी शांतपणे मला म्हणाली की हे खोटे आजोबा आहेत, खरे कुठे गेलेत ते सांग. मी कपाळावर हात मारला. कितीही समजावलं तरी पटत नाही. हॉस्पिटलात लहान मुलांना सोडत नाहीत. संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसते आणि जेवायला उठत नाही. आता तुम्हीच काय ते करा बाबा, मी थकले.

तुमची,
अपूर्वा

हॉस्पिटलातून, २ ऑगस्ट

चि. स्पृहास,
गोड गोड पापा.

हे आईकडून वाचून घे. आजीनं कागद धरलाय, हात माझा आहे, म्हणून ओळी वाकड्या. परवा मोबाइलमध्ये नाकाला नळी लावलेला, दाढी वाढलेला म्हातारा दिसला ना? तो मीच. आजारी माणसं अशीच दिसतात.

आई शिकवते ते बरोबर आहे, ऐकायचं. भुतं खोटी. मी खरा आहे. दारात बसू नकोस, डास चावतात, आणि मला यायला अजून वेळ लागेल. आज संध्याकाळी फोन लावीन. तू नुसती समोर बस, बोलली नाहीस तरी चालेल. मला तुला बघायचंय गं.

तुझे,
आजोबा