न दिलेला अर्ज नामंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षिका,
मुलींचे वसतिगृह क्र. ३,
विद्यापीठ आवार.

विषय: अर्जदाराने सादर न केलेला रजेचा अर्ज मागील तारखेने नामंजूर करून मिळणेबाबत.

संदर्भ: वसतिगृह नियम ११ (पालकाच्या हस्ताक्षरातील अर्जाशिवाय घरी जाण्यास रजा नाही).

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून खोली क्र. २१७ मध्ये खिडकीकडच्या खाटेवर राहते. विषय वाचून आपण कपाळाला हात लावला असेल. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. पहिल्या सत्रात अर्जदाराचे येथे बस्तान बसले नाही. वर्ग सापडत नसत. एकदा तर तृतीय वर्षाच्या वर्गात दोन तास बसून तिने इमानेइतबारे टिपणेही काढली. खानावळीत ती भिंतीकडे तोंड करून जेवत असे आणि न्हाणीघरात नळ सोडून रडत असे. दुसऱ्या मजल्यावर पाणी वाया जाते अशी तक्रार आपणाकडे आली होती, ती तिच्याबद्दलच होती.

२. फार जड गेले की ती वडिलांना फोन करी. वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. लेकीचा आवाज रडवेला लागला की ते त्याच दिवशी अर्ज लिहून तिच्या नावे टपालात टाकत. रजेला कारण लागते, म्हणून ते कागदावर आजारी पडत. आधी ताप, मग लचकलेली कंबर, मग पोटदुखी आणि चौथ्या खेपेला शिडीवरून पडणे. आपण चारही अर्ज मंजूर केलेत. शेवटच्या वेळी 'वडिलांना म्हणावं, जपा जरा,' असा निरोपही दिलात. अर्जदार घरी पोहोचली तेव्हा वडील त्याच शिडीवर उभे राहून, शीळ घालत, एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होते. आई मात्र चिडली होती. धडधाकट माणसाने स्वतःबद्दल असले अभद्र लिहू नये, असे तिचे म्हणणे. चारही कारणे खोटी होती, हे अर्जदार येथे कबूल करते. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मान्य आहे.

३. दुसऱ्या सत्रात अर्जदार भित्तिपत्रकाच्या गटात गेली. पाटीवाल्याची मुलगी म्हटल्यावर मथळे तिच्या गळ्यात पडले. वडिलांप्रमाणेच ती आधी लांबलचक शिरोरेषा ओढते आणि मग तिला एकेक अक्षर टांगते, म्हणून मुली तिला 'रेघ' म्हणू लागल्या. खानावळीत तिच्यासाठी जागा धरली जाऊ लागली. दोन महिने तिने घरी जाण्याचे नाव काढले नाही.

४. दि. ४ रोजी वडिलांचा पाचवा अर्ज आला, न मागता. कारण एवढेच: 'प्रकृती बरी नसते. मुलीला पाहावेसे वाटते.' अक्षरांवर शिरोरेषा नव्हती. सगळी अक्षरे सुटी सुटी होती. अर्जदाराला ते दिसले. तिला वाटले, बाबांकडचे रोग संपले आणि घाईघाईने काहीतरी खरडले. ती हसली, मैत्रिणींना दाखवूनही हसली. हे लिहायला नको वाटते, पण झाले ते असे झाले.

५. तिने फोन करून सांगितले, की रविवारी भित्तिपत्रक लागायचे आहे, मथळा आपला आहे, या खेपेला जमणार नाही. वडील म्हणाले, 'मग राहा की. रमलीस ना? झालं तर.' मथळा कोणत्या रंगात आहे ते त्यांनी विचारले. निळ्या, असे ती म्हणाली. निळा लवकर विटतो, तेवढे सांभाळ, असे सांगून त्यांनी फोन ठेवला. अर्ज तिने पुस्तकात ठेवून दिला. तो आपल्या कार्यालयाची पायरी कधी चढलाच नाही. दि. ७ रोजी सकाळी वडील गेले. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच कल्पना दिली होती. फोनवर ऐकून पोर धावत सुटेल, म्हणून वडिलांनी आईला बोलू दिले नव्हते.

६. अर्जदार घरी पोहोचली. पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या, तेवढ्यात आई गळ्यात पडून म्हणाली, 'सोडलं नाही गं तुला त्यांनी. हे सांगत होते, परीक्षा तोंडावर आहे, अर्ज नामंजूर केला म्हणून.' म्हणजे वडिलांनी जाता जाता लेकीची बाजू सावरून घेतली होती. अर्जदार गप्प राहिली आणि अजून गप्प आहे.

७. करिता विनंती, की सोबतचा अर्ज दि. ४ च्या आवक नोंदवहीत घ्यावा. ओळ शिल्लक नसल्यास शेवटच्या क्रमांकाला 'अ' जोडता येईल. त्यावर 'परीक्षा तोंडावर. नामंजूर.' असा शेरा मारून सही व्हावी. असे केल्याने वडिलांचे शेवटचे बोलणे खरे ठरेल. कार्यालयाचे यात काही जाणार नाही असे अर्जदार लिहिणार होती, पण जाईल. आपले नाव जाईल. याची अर्जदाराला जाणीव आहे आणि तरीही ती मागते आहे.

८. हे नियमात बसत नसल्यास निदान एवढे तरी व्हावे. येत्या गुरुवारी आई पालक बदलाच्या फॉर्मवर सही करायला आपल्याकडे येत आहे. काका आपणास जाब विचारायला निघाले होते. आईने त्यांना अडवले. ती म्हणाली, 'त्या बाईंचा काय दोष? चार वेळा खोटं आपणच लिहिलं. मी जाऊन सांगणार आहे त्यांना, मनाला लावून घेऊ नका.' ती हे आपणास नक्की सांगेल, कदाचित आपला हात हातात घेऊन सांगेल. आपल्याला त्यातले काही कळणार नाही असे होऊ नये, म्हणून हा अर्ज. कृपया तिला थांबवू नये. 'कसला अर्ज?' असे विचारू नये. ती बोलेपर्यंत मान खाली घालून ऐकून घ्यावे. अर्जदार दाराशी उभी असेल. ते बोलणे माझ्यासाठी आहे.

आपली
('विश्वासू' हा शब्द मुद्दाम गाळला आहे),
(सही)
अर्जदार, खोली क्र. २१७
दि. १९, मंगळवार

सोबत: वडिलांचा मूळ अर्ज, एक पान. शेरा मारला तरी आणि न मारला तरी, परत मिळावा.