टिटवीवरचा कावळा

२० जुलै, रविवार

धरणावर जाऊन आले. होडी पुन्हा घाण. आठवडाभर पाऊस, वाटलं धुऊन निघाली असेल. कसलं काय. पाखरांची शीट पावसाने जात नाही, नुसती पसरते. आत चिलटांचा थर, सुकाणूपाशी कोळिष्टकं. ब्रश, साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. कंबरेचे टाके ढिले झाले.

मला पोहता येत नाही. पुलावरून बस गेली तरी डोळे मिटून घेते. आणि मी होडी घासते! हौस यांची. देवळालीहून रिटायर झालेले बाकीचे लोक प्लॉट घेतात, यांनी शिडाची होडी घेतली. नाव ठेवलं टिटवी. टिटवी ओरडणं अशुभ, मी तेव्हाच म्हटलं होतं. हे हसले, म्हणाले, "फायबरची टिटवी कुठे ओरडते?"

निघताना पाहिलं तर डोलकाठीच्या टोकाला कावळा. पावसात भिजत बसलेला. हलत नव्हता.

२४ जुलै

कावळा आजही. वॉचमन काशिनाथ म्हणतो, "ताई, ह्यो रोजचाच हाय. सायेब गेल्यापासून."

असं बोलू नये माणसाने. पण त्याला काय म्हणणार. गेल्या वर्षी मेमध्ये याच धक्क्यावर हे पडलेले पहिल्यांदा त्यानेच पाहिले. सकाळी सकाळी पाखरांची घाण पुसायला आले होते. फडकं हातातच होतं म्हणे.

यांना पाखरांचा भारी राग. होडीवर कुणी बसलेलं खपायचं नाही. टाळ्या वाजवत धावायचे, लहान मुलासारखे. आणि आता

जाऊ दे.

२७ जुलै, रविवार

झोप नाही. शिडाचा दोर सुटला की डोलकाठीवर आपटतो, टक टक, टक टक. हे दार तसंच ठोकायचे, बेल असताना. ते धरणावर ऐकू येतं ते ठीक. काल दुपारी घरी ऐकू आलं. उठून दार उघडलं. कुणी नाही.

रामकुंडावरचा दहावा आठवत राहतो. पिंड ठेवले, कावळे झाडावर भरपूर, एक खाली येईना. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल तर बोला, मन अडकलेलं असतं." सगळे बोलले. मुलीला, मुक्ताला सांभाळू. वहिनींच्या दुखण्याची काळजी करू नका. देवळात अभिषेक करू. कावळे ढिम्म. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, टिटवी विकणार नाही. तुमच्यासारखीच स्वच्छ ठेवीन." बोलायची खोटी, कावळा खाली. शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. मला मात्र तेव्हा रागच आला. मुलगी नाही, बायको नाही, जीव अडकला तो होडीत!

३ ऑगस्ट, रविवार

बाजारातून प्लास्टिकचं घुबड आणलं, गाण्यांच्या जुन्या सीड्या दोऱ्याला बांधल्या. बगळे बिचकले. कावळा घुबडाच्या डोक्यावर बसला. काशिनाथ पोट धरून हसला. मीही हसले असते, पण तो वरून माझ्याकडेच बघत होता, मान तिरकी करून. हे चष्म्यावरून बघायचे तसं.

हुसकायला हात वर केला आणि खाली घेतला. स्वच्छ ठेवायची तर याला उडवायला हवं. आणि हा जर

लिहायलाही नको.

७ ऑगस्ट

पुण्याहून मुक्ताचा फोन. नेहमीचंच. "आई, विकून टाक ती. तुझे गुडघे बघ. एक दिवस तूही त्या धक्क्यावर पडशील."

म्हटलं, "शब्द दिलाय."

"कुणाला? कावळ्याला?"

"हो. कावळ्याला."

तिला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. सांगितलं नाही. गिऱ्हाईक मात्र तिने आधीच शोधून ठेवलंय, तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीचं.

१० ऑगस्ट, रविवार

गिऱ्हाईक येऊन गेलं. निफाडचे बाळासाहेब. द्राक्षबाग, शिवाय पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. होडी हिंडून फिरून पाहिली, बोटाने टकटक करून पाहिली, जावई निवडावा तशी.

"लॉनवर ठिवू, ताई. लायटिंग करू. पब्लिक लय फोटो काढंल."

"आणि पाणी?"

"पाणी कशाला लागतंय तिला?"

नाही म्हणून सांगितलं. माणूस वाईट नाही. रागावला नाही. उलट जाताना गाडीतून जाळीचा गठ्ठा काढून दिला. "द्राक्षाला टाकतो ती हाय. होडीवर टाका. एक पाखरू शिवणार नाय." घेतली.

१७ ऑगस्ट, रविवार

काशिनाथच्या मदतीने जाळी टाकली. डोलकाठीपासून खाली चारी बाजूंनी, तंबूसारखी. छान ताणून बसली. कावळा लांब बाभळीवर जाऊन बसला. ओरडलाही नाही.

घरी आल्यावर जेवले नाही. उगाच.

२२ ऑगस्ट

बोटांना पट्ट्या, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी काशिनाथचा फोन, "ताई, बिगीनं या." रिक्षाने गेले. आभाळात कावळेच कावळे, कान किटतील असा कलकलाट. आणि जाळीत तो, उलटा लटकलेला. पाय आणि एक पंख पिळून गुंतलेला. धडपडून थकला होता. डोळा उघडा. माझ्याकडे.

काशिनाथने टॉवेल टाकून धरला, विळ्याने एकेक दोरा कापला. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, चुकलं माझं."

काशिनाथने ऐकलं. मान वर केली नाही, कापत राहिला.

सुटला. फळीवर दोन उड्या मारल्या, एका पायाची नखी वाकडी झालेली. मग उडाला, पाण्यावरून सरळ पलीकडे. जाळी मी तिथेच ओरबाडून काढली. बोटं कापली, कळलंही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

एकही पाखरू नाही. कावळा नाही, बगळा नाही, चिमणीसुद्धा नाही. घुबड आणि सीड्याही मी काढून टाकल्यात, तरी नाही. होडी लख्ख. इतकी स्वच्छ यांच्या वेळीही नव्हती.

शब्द पाळला की नाही? मग असं का वाटतंय की आज हे दुसऱ्यांदा गेले.

दोर बांधून ठेवला आहे घट्ट. तरी टक टक.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्षातली यांची तिथी. मुक्ता काल रात्रीच आली. सगळं साग्रसंगीत केलं. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवार, अळूवडी यांची आवडती. पान गच्चीवर ठेवलं. शेजारच्या गच्चीवरचं पान कावळ्यांनी फस्त केलं. आमच्याकडे कठड्यावरसुद्धा कुणी आलं नाही. दुपार कलली. मुक्ता म्हणाली, "तू जेव, तुला गोळ्या आहेत." मी हलले नाही. शेवटी पान गाईला दिलं.

भांडी घासताना रडले. मुक्ताला सांगितलं, मी त्याला जाळीत अडकवलं, आता ते येणार नाहीत. वाटलं हसेल, शिकलेली मुलगी. ती पांढरीफटक पडली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली,

"आई, दहाव्याला तू बोललीस ना, त्याच क्षणी मीही बोलले होते. मनात. म्हटलं, बाबा, ती होडी मी विकून टाकीन, आईला त्यातून सोडवीन, तुम्ही काळजी करू नका. आणि कावळा आला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू इतकी खात्रीने घासत होतीस."

नळ तसाच चालू राहिला. मीच शेवटी बंद केला.

१८ सप्टेंबर

चार दिवस तेच. एक कावळा, दोन शब्द. एक पाळला की दुसरा मोडतो. कुणाचं ऐकून खाली आला तो? माझं ऐकून, तर विकली की मी बेइमान. तिचं ऐकून, तर या वर्षभरात मी गुडघे फोडून घासत होते ते कुणासाठी? हे मला सोडवायला बघत होते आणि मीच दोर धरून बसले?

पहिल्यांदा मनात आलं, यांचा जीव होडीत नसेलच अडकलेला. माझ्यात असेल. हे लिहिताना लाज वाटतेय, या वयात. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बाळासाहेबांचा फोन. रविवारनंतर कळवते म्हटलं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

धक्क्यावर बसून लिहितेय. मुक्ता शेजारी. सकाळी दोघींनी होडी धुतली. तिला सगळं येतं, बापाने शिकवलेलं. मग पान आणलं, होडीवरच ठेवलं, मधोमध.

काशिनाथ लांबून म्हणाला, "ताई, काय तरी कबूल करा. बोलल्याबिगर येत न्हाईत."

म्हटलं, "दहाव्याला दोघींनी दोन गोष्टी कबूल केल्या, तेच निस्तरतेय. आज मी काही बोलणार नाही. आज त्यांनी सांगावं."

मु. मनात काही म्हणतेय का, विचारलं नाही.

ऊन वर आलं. खिरीवर साय धरली. आणि आत्ता पलीकडच्या बाभळीतून एक सुटा कावळा. पाण्यावरून सरळ. शिडाच्या आडव्या काठीवर बसला. वाकड्या नखीचा.

मु.ने माझं मनगट घट्ट धरलंय. डाव्या हाताने कागद दाबून लिहितेय.

पानाकडे बघतो. आमच्याकडे बघतो. खाली उतरला. पानापासून हातभर. शेपटी उचलली आणि नुकत्याच पुसलेल्या फळीवर

मला हसू आलं. मोठ्याने. वर्षात पहिल्यांदा. आणि सवयीने उठले, बादलीतलं फडकं पिळलं.

मु. म्हणतेय, "आई, थांब ना. त्याला ठरवू दे."

थांबलेय. तो पानाकडे एक उडी पुढे आलाय. फडकं माझ्या हातातच आहे.