काळ्या कुत्र्याचे दहा दिवस

१४ नोव्हेंबर १९६१, मंगळवार

चावलंच! शंकरसिंगाच्या काळ्या कुत्र्यानं आमच्या ह्यांचं उजवं मनगट फोडलं. दिवस मावळता बैल बांधाले गेलते. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, सरळ आलं म्हणे. भावसिंग — नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये, पण वही कोणाले सांगते? — तर भावसिंग म्हणतात, "मीच त्याच्या वाटेत आलो." कुत्र्याची बाजू घेऊन राह्यले!

साबणानं धुतलं. शेजारची भुरीबाई जखमेत मिरची भराले आली. हाकलली तिले. जाता जाता म्हणे, "सात विहिरीत डोकावून ये म्हणा त्याले, विष उतरते." हे निघालेही! चार विहिरी करून परत आले. म्हणे, पाय दुखतात.

१५ नोव्हेंबर, बुधवार

फुलसावंगीले शब्बीर कंपाउंडरकडं गेलो. त्यानं पट्टी बांधली. म्हणे, "भाभी, यवतमाळले न्या. पोटात चौदा सुया. आजच सुरू करा. कुत्रं दहा दिवस धडधाकट राह्यलं तर बंद करता येते."

"आणि नाही नेलं तर?"

"मी न्याच म्हणतो. कुत्रं तर बांधाच. आणि एक ध्यानात ठेवा — भरलेली जखम मागून खाजाले लागली, मुंग्या आल्या, तर मग सुई काही करत नाही. मोठा डॉक्टरही हात जोडते."

घरी येऊन वही उघडली. देवराव गुरुजीनं बायांच्या वर्गात शिकवलंय — घाईत ठरवू नका, पानाच्या मधात रेघ ओढा, एकीकडं हे लिहा, एकीकडं ते. ओढली.

जाणं — चौदा दिवस यवतमाळ. कापूस बोंडात फुटून लोंबते, वेचणार कोण? सुया पोटात. हे सुई पाहूनच पांढरे पडतात.

थांबणं — कुत्रं बांधायचं, दहा दिवस पाहायचं. जगलं तर भीती नाही. बिघडलं तर त्याच दिवशी बस.

थांबणं बरं दिसते. भुरीबाईच्या विहिरीपेक्षा तरी बरं!

१६ नोव्हेंबर

फुलसिंग नायकापुढं नसाब बसली. तांड्याचा निवाडा तिथंच होते. बाईनं नसाबीत बोलू नये. बोलली. म्हटलं, कुत्रं माझ्या दारी बांधा. आणि ते पिसाळलेलं निघालं तर शंकरसिंगाचं घर तांड्याबाहेर! रोटी बंद, बेटी बंद, पाणी बंद.

नायक म्हणे, "बिजलीबाई, एवढं?"

म्हटलं, "एवढंच! लोकाइले आपलं जनावर बांधाले शिकू द्या."

नायकानं मान हलवली. शंकरसिंगाचं तोंड राखेसारखं झालं. दिवस कलल्यावर त्यानंच कुत्रं दोरीनं ओढत आणलं. त्याच्याकडं दोन होते, एका वेतातले, दोन्ही काळे कुळकुळीत. दुसरं व्याह्याच्या गाडीसंग धाडलं म्हणे. बरं झालं, एक धोंड कमी.

१७ नोव्हेंबर

कुत्र्यानं भाकर खाल्ली. पाणी प्यालं.

१९ नोव्हेंबर, रविवार

खाते, पिते, झोपते. रोज पाणी मीच पुढं ठेवते, पिताना निरखून पाहते — पिसाळलेलं पाण्याले भिते. गुरुजीले सांगितलं. खूश! म्हणे, "पण यवतमाळ काहून नाही केलं?" म्हटलं, तुमचीच रेघ ओढली. 

ह्यांनी आज त्याच्यापुढं हात केला. चाटला त्यानं! म्हणतात, "बिजले, हे मले चावलं वाटत नाही. ते अंगानं भारी होतं."

"चावणारं सगळ्याइलेच भारी वाटते. वेचाले चला."

२१ नोव्हेंबर

शंकरसिंगाची बायको जमनी पाण्याले जाताना दारापुढं थांबली. कुत्र्याकडं पाहून रडाले लागली. म्हटलं, कायले रडतं वो, जिवंत आहे ना! तर पळालीच. घागर अर्धी सांडली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा झाले. मी आणखी दोन दिवस ठेवते. पक्कं म्हणजे पक्कं.

२६ नोव्हेंबर

सोडलं! दोरी काढली तरी जात नाही, दारातच लोळते. जखम भरली, वर गुलाबी कातडी आली. भुरीबाईले म्हटलं, "पाहा, डोक्यानं वागलं की असं होते."  शंकरसिंग दारापुढून मान खाली घालून गेला. मले वाटते, लाजला.

३ डिसेंबर

कापूस अर्धा घरी आला. गाडी दिग्रसले जाईल. हे चिडचिड करतात. थकले असतील.

८ डिसेंबर, शुक्रवार

जमनी आली. उंबऱ्यातच बसली, आत येईना.

"काकी, मले मारा. पण ऐका."

चावलेलं हे कुत्रं नव्हतंच म्हणे. ते दुसरं. व्याह्याकडं गेलंच नाही. त्यांनी ते मागच्या गोठ्यात कोंडलं. तिसऱ्या दिवशी लाळ गाळत, मातीले चावत मेलं. नाल्यात पुरलं.

"काहून सांगितलं नाही ग?"

"तुमीच म्हटलं ना, तांड्याबाहेर! दोन पोरी लग्नाच्या आहेत, काकी. कुठं नेऊ त्याइले?"

मी तिले मारलं नाही. हात उचलला होता. मीच तर नायकापुढं ओरडली. धमकी न देता नुसतं कुत्रं मागितलं असतं, तर खरं कुत्रं आणलं असतं त्यानं!

वही उघडली. रेघ ओढाले काही उरलं नाही. उद्या सकाळची पहिली बस. ह्याइले अजून सांगितलं नाही.

९ डिसेंबर

गाठोडं बांधलं. हे उठले. मनगट चोळत दारात आले. म्हणतात, "बिजले, पाहा बरं — इथं मुंग्या काहून येऊन राह्यल्या?"