सांडपाणी पातळ करण्याची योजना

३ जानेवारी, सकाळी ९
आजपासून रोज लिहिणार. विषय गंभीर आहे. आमच्या आईस्क्रीमच्या कारखान्याला सांडपाण्याचं बिल आलंय आणि त्यात ‘तीव्रता अधिभार’. म्हणजे आमचं पाणी घरच्या मोरीपेक्षा घाण, म्हणून जादा पैसे. घाण? अहो, ते दूध आहे, साय आहे! पालिकेच्या बिलवाल्या बाईंना फोनवर सुनावलं. त्या म्हणाल्या, साय गटारात कुजते, निस्तरावं आम्हाला लागतं.
जेवताना हिने जाहीर केलं, पुढच्या बिलात अधिभार उतरला नाही तर कारखान्याची किल्ली मुलीकडे. सत्तावीस वर्षं माझ्या खिशात असलेली किल्ली! मी हसलो. एकटाच.

४ जानेवारी
कन्येचं म्हणणं, पातेली धुण्याआधी रबरी पट्टीने खरवडा, उरलंसुरलं बादलीत काढा, गटारात जाऊच देऊ नका. मालकाने पातेली खरवडायची? विचार करतो म्हणालो. केला नाही.

५ जानेवारी, दुपारी
सुचलं! पाणी दाट म्हणून अधिभार. मग पातळ करा! मागचा नळ दिवसभर सोडून ठेवायचा. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही? बिलाच्या पाठीवर लगेच आकृती काढली. कुणाला सांगणार नाही.

१९ जानेवारी
दुसराही नळ सोडला. फोरमनने विचारलं, साहेब, वॉशर गेलाय का? म्हटलं, धोरण आहे.

७ फेब्रुवारी
मधे लिहायचं राहिलं. व्याप. आज पालिकेचा माणूस नमुना घ्यायला आला. मॅनहोलमध्ये बाटली सोडून बसला होता. त्याला पिस्त्याचा कप दिला. तो म्हणाला, या कामावर असताना मी काही खात नाही. वितळून वाया गेला असता, म्हणून मीच खाल्ला. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण ते घरी.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. तीव्रता निम्मी!! हिच्यासमोर मोठ्याने वाचला, दोनदा. कन्या एवढंच म्हणाली, बाबा, पाण्याचं मीटर बघितलंत का? बापाचं यश पचत नाही, दुसरं काय. किल्लीला नवी पितळी साखळी घेतली.

२ एप्रिल
बिल उद्या. सगळ्या कामगारांना उद्याच दुपारी चारला बोलावलंय. भाषण तयार. विषय: अनुभव.

३ एप्रिल, सव्वातीन
बिल दुप्पट नाही, पण दुपटीपासून फार लांबही नाही. बाईंना फोन केला. त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. अधिभार नुसत्या दाटपणावर नसतो, गटारात एकूण किती घाण गेली त्यावर असतो. दाटपणा निम्मा, पाणी दुप्पट, घाण तेवढीच. अधिभार जागच्या जागी. शिवाय सांडपाणी किती गेलं ते पाण्याच्या मीटरवरून धरतात, म्हणून त्याचा आकार दुप्पट. म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, प्रत्येक बिलाच्या मागे छापलेलं असतं.
जुनं बिल काढून पाहिलं. छापलंय. बरोबर माझ्या आकृतीखाली.
भाषण रद्द. पोट बिघडल्याचं कळवलं.

४ एप्रिल
किल्ली दिली, साखळीसकट. फार वाईट वाटलं. कन्येने दोन्ही नळ बंद केले आणि माझ्या हातात रबरी पट्टी दिली. दिवसभरात अकरा पातेली खरवडली. माझ्याइतकं स्वच्छ कुणाला जमणार नाही, हे फोरमननेही मान्य केलं.
संध्याकाळी कन्या बघायला आली. आधी रिकामी बादली पाहिली, मग माझ्या मिशा.