माझ्यामागून म्हणा

३ जून
पोहोचले एकदाची! बॅगेचं एक चाक तुटलं, एवढ्यावर निभावलं. खोली बेकरीच्या वर आहे, म्हणजे सकाळी फुकटचा घमघमाट. घरमालकीण जाडजूड आणि हसरी. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही पोटभर गप्पा मारल्या.
लेक मात्र फुरंगटली आहे. निवृत्त झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात आणि मी निघाले परदेशी, तेही फुकट इंग्रजी शिकवायला! ऑगस्टमध्ये तिचे दिवस भरतील. जुलै संपायच्या आत परत येते, असं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय. पहिलटकरीण आहे, तिला आईच लागणार. ह्यांनी मात्र, जा, घरात जरा शांतता होईल, असं म्हणून हात धुवून घेतले.

५ जून
वर्ग पोस्टाच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. विद्यार्थी सगळे घोडे: बेकरीवाला, बस ड्रायव्हर, दोन नर्सा आणि माझ्याच वयाची, माझ्याएवढीच बुटकी एक शिंपीण. संस्थेच्या व्यवस्थापकानं हातात एक पुस्तक ठेवलं आणि बजावलं की यातलीच वाक्यं म्हणून घ्या, स्वतःची देऊ नका. का, तर म्हणे पुस्तकातली माणसं कुणाचीच नसतात. काय पण तर्कट! त्यातले गृहस्थ पहिल्या धड्यापासून छत्रीच शोधताहेत. माझा जन्म वर्गात गेला आणि हा मला शिकवतोय.
पुस्तक कपाटात टाकलं आणि घरचीच वाक्यं दिली. माझा नवरा घोरतो. माझी मुलगी गरोदर आहे. सगळ्यांनी माझ्यामागून खणखणीत इंग्रजीत म्हटलं. बेकरीवाला मिशीला पीळ देत ‘माझा नवरा घोरतो’ म्हणाला तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली.

१४ जून
शिंपीण भलतीच हुशार निघाली. उच्चारसुद्धा हुबेहूब माझे उचलते. आज तिनं स्वतःहून वाक्य केलं, माझ्या मुलीच्या पायांना सूज आली आहे. मी चमकले. लेकीनं फोनवर मला हे कालच सांगितलं होतं. वर्गात बोलून गेले असेन, माझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे! पण घरमालकीण सांगते की शिंपिणीचं लग्नच झालेलं नाही.

२३ जून
ह्यांना फोन केला. म्हणाले, अगं, सकाळीच तर एवढी बोललीस, आता काय राहिलं? मी सकाळी फोन केलेला नाही. थट्टा वाटून रागावले, तर तेच गोंधळले. तुझा आवाज असा का येतोय, सर्दी झालीय का, असं विचारत राहिले. मला सर्दी नाही. दिवसभर खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालतेय, काही केल्या बसवत नाही.

१ जुलै
पुस्तक काढलं. छत्रीवाल्या गृहस्थांना शरण गेले. पण कुणी म्हणेचना, सगळे ढिम्म. मग शिंपीण उठली. चष्मा नाकावर सरकवला, अगदी मी सरकवते तसा, आणि वर्गाला म्हणाली, माझी मुलगी माझी वाट बघते आहे. सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. का म्हटलं मी?
व्यवस्थापकाला गाठून परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करा म्हणाले. सांगून ठेवलं होतं, एवढंच तो बोलला. माझ्याकडे बघत नव्हता.

५ जुलै
लेकीला फोन लागला. तिनं विचारलं, कोण हवंय तुम्हाला? मी आई, म्हटलं. ती हसली. मग हसायची थांबली. आईशी आत्ताच बोलले, ती लवकर निघतेय, म्हणाली आणि फोन ठेवला.
तुम्ही. पोटच्या पोरीनं मला तुम्ही —

८ जुलै
बॅग नाही. पासपोर्ट नाही. शिंपिणीचं दुकान बंद. घरमालकीण म्हणाली, शिक्षिकाबाई तर काल गेल्या, सगळा वर्ग स्टँडवर पोहोचवायला गेला होता, तू नव्हतीस का? मग तिनं विचारलं, माझे पडदे कधी शिवून देणार?

११ जुलै
बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा. जुन्या आहेत. मला शिवता येत नाही.
पडदे शिवून झाले —

१६ जुलै
फोन लागला. लेकीनंच घेतला. मागे तान्हं बाळ रडत होतं. झालं, आधीच झालं — सुखरूप आहे पोर, देवा. ठेवू नकोस, ऐक, म्हटलं. वर्गात कधीच न सांगितलेलं सांगितलं. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी ती रडली नाही, मी रडले. तिनं फ्रॉकनं माझे डोळे पुसले. हे ह्यांनाही ठाऊक नाही.
ती अगदी हळू म्हणाली, आई?
म्हणाली! मला —
तेवढ्यात तिच्या हातून कुणीतरी फोन घेतला. माझाच आवाज. शांत, गोड. कोण बोलतंय, म्हणाला. आणि मी, माझ्याच तोंडानं — चुकून लागला, माफ करा, म्हणाले. का म्हणाले — फोन अजून चालू होता — मागून लेक विचारत होती, आई, कोण होतं गं? ती म्हणाली, कुणी —