माझ्या वाक्यांची विल्हेवाट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार आहे ती, या दुमजली घराची मालकीण, निवृत्त भाषाशिक्षिका, वय वर्षे शहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, चष्मा लावला की नजरही चांगली आहे, आणि बुद्धीबद्दल कोणाला शंका असल्यास त्याने पुढचा मजकूर वाचून ठरवावे. 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' हे शब्द इथे लिहावे लागतात, असे वकिलांनी बजावले आहे. ते मी तूर्त लिहीत नाही. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. घर.

हे घर मी माझ्या पगारातून, एकेक खोली करत बांधले. खाली एक मोठा हॉल आणि मागे भाच्याचे बिऱ्हाड, वर मी. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याची नोकरी सुटली तेव्हा तो बायकोला घेऊन इथे आला, आणि हॉलमध्ये शिकवणी सुरू कर असे मीच त्याला सुचवले. सुरुवातीला भाषा मी शिकवत असे. मग एकदा जिन्यात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि दवाखान्यातून परत येऊन मी जी वर चढले ती वरच राहिले. पाठोपाठ भाच्याने जिन्याच्या तळाशी लोखंडी जाळीचे दार बसवून घेतले. "आत्या, पोरं वर येऊन तुम्हाला त्रास देतील," म्हणाला. भाचेसून जेवण वर आणते, वेळेवर आणि गरम, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण ती खाली गेली की दार खणकन लागते. तो आवाज ऐकला की माझी भूक जाते, म्हणून मी हल्ली ती जायच्या आत जेवून घेते.

घर माझ्यामागे भाच्याला मिळावे. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याला सगळ्याची घाई आहे. मात्र त्याने कलम २ आणि ३ पाळली पाहिजेत. न पाळल्यास वकिलांनी घर विकून येणारी रक्कम माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला द्यावी, आणि त्याच्या रडगाण्याकडे लक्ष देऊ नये.

कलम २. नाव आणि फोटो.

शिकवणीच्या पाटीवर माझे नाव आणि माझा फोटो आहे. फोटो निवृत्तीच्या समारंभातला. त्यात माझे तोंड अर्धवट उघडे आहे, कारण फोटोग्राफरला नीट उभे राहा असे मी सांगत होते. खाली 'अनुभवी मार्गदर्शन' असे लिहिले आहे. पालक विचारतात, "बाई स्वतः शिकवतात ना?" भाचा सांगतो, "बाईंचं पूर्ण लक्ष असतं." हे मात्र खरे आहे. लक्ष असते. दुसरे मी इथे काय करणार?

मी गेल्यावर पाटी त्याच दिवशी उतरवावी. 'यांच्या प्रेरणेने' असे लिहून ती पुढे चालवण्याचा बेत असेल तर तो आत्ताच सोडावा. भाच्याने स्वतःचा फोटो लावावा. तो दिसायला माझ्यापेक्षा बरा आहे.

कलम ३. नमुना उत्तरे.

हे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे, तेव्हा वाचणाऱ्याने सावकाश वाचावे.

शिकवणीच्या पहिल्या वर्षी काही मुले इतकी घाबरलेली होती की त्यांना एक वाक्य सुरू करून शेवटाला नेता येत नव्हते. त्यांच्यासाठी मी काही उत्तरे लिहून दिली. वर ठळक लिहिले होते, 'हे माझे मत आहे. तुमचे वेगळे असेल तर तेच लिहा.' भाच्याने ती टाइप करून घेतली तेव्हा ही ओळ गळाली. मी विचारले, तर म्हणाला, "आत्या, सगळं एका पानात बसवायचं होतं."

आता रोज दुपारी माझ्या पायाखाली माझी वाक्ये सुरू होतात. पाठ्यपुस्तकात न उघडणाऱ्या खिडकीबद्दल एक कविता आहे. तिच्यावरचे माझे उत्तर असे सुरू होते: 'या कवितेत कवीने माणसाच्या मनाची घुसमट समर्थपणे व्यक्त केली आहे.' अख्खा वर्ग हे एका सुरात म्हणतो, 'घुसमट'वर जोर देऊन, पाढे म्हणावेत तसे, आणि कोणाचीही कसलीच घुसमट होत नाही. ती वर होते. मी कानात कापूस घालून पाहिला. उपयोग नाही, कारण पुढचे वाक्य मला पाठ आहे.

एकेकाळी याच हॉलमध्ये काय होत असे ते सांगते. पुस्तकात एक कथा होती. मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी परततो, तर आईने त्याची खोली भाड्याने दिलेली असते. मी मुलांना विचारले, काय वाटले? मागच्या बाकावरून एक मुलगी, मी तिला फाटे म्हणते, म्हणाली, "बाई, मला आईचं बरोबर वाटतं. तो साधं पत्रसुद्धा पाठवत नव्हता. खोली रिकामी ठेवून तिने काय करायचं?" एक मुलगा उसळून म्हणाला, "मग त्याने झोपायचं कुठे? रस्त्यावर?" झाले, वर्गाचे दोन तट पडले. आईचा घरखर्च कोण भागवत होते इथपासून भाडेकरू कोण असेल इथपर्यंत वाद गेला. मग मी म्हटले, आता जे बोललात तेच लिहा, आणि लिहून झाले की प्रत्येक वाक्याला विचारा, हे मला खरेच वाटले होते का? नसेल तर खोडा. सगळा वर्ग खाली मान घालून खोडत बसला. इतका आनंद मला उभ्या नोकरीत कधी झाला नव्हता.

त्या कथेवर आता माझे उत्तर म्हटले जाते: 'यातून आईचे वात्सल्य आणि अगतिकता यांचा संघर्ष दिसतो.' भाच्याशी मी यावर भांडले आहे. तो म्हणाला, "आत्या, पोरांना मार्क हवेत. तुमचं 'काय वाटलं' कोणत्या पेपरात विचारतात, सांगा." कोणत्याच पेपरात विचारत नाहीत. माझ्या उत्तरांना पूर्ण गुण मिळतात, हेही खरे आहे.

तरीही ही उत्तरे माझी मालमत्ता आहेत आणि मी ती कोणालाही देत नाही. ती छापू नयेत, वाटू नयेत, पाठ करून घेऊ नयेत. माणूस मेल्यावर त्याची वाक्ये तरी सुटावीत.

कलम ४. पुस्तके.

पुस्तके मला फाटेला द्यायची होती. हे तिचे नाव नव्हे. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडते म्हणून मीच तिला असे म्हणू लागले आणि पुढे तिच्या आईनेही तेच उचलले. आता ती कॉलेजात आहे, सज्ञान आहे आणि पुस्तक परत करायच्या निमित्ताने वर येते. भाचा तिला अडवत नाही, कारण ती त्याच्या शिकवणीतून पहिली आली होती आणि पाटीवर तिचाही छोटा फोटो आहे.

पण मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणजे फाटेला एक तर पुस्तके मिळतील, नाही तर तिची सही मला मिळेल. मी यावर बराच खल केला. इथे येणारे बाकीचे लोक, दूधवाला काय, इलेक्ट्रिशियन काय, बोट दाखवू तिथे न वाचता सही करतील. मला न वाचता सही करणारा साक्षीदार नको. तेव्हा पुस्तके शाळेच्या वाचनालयाला, आणि फाटेला काहीही नाही. तिने याचे वाईट वाटून घ्यावे. मला वाटले आहे.

कलम ५. किरकोळ.

बँकेतली शिल्लक भाचेसुनेला, तिच्याच हातात. दागिने नाहीत. लाल पेने फेकून द्यावीत. माझ्या गोपनीय अहवालात 'यांच्या वर्गात गोंगाट फार असतो' असे लिहून माझी बढती अडवणारे मुख्याध्यापक हयात असल्यास त्यांना मी माफ केलेले नाही, हे कळवावे. शोकसभा घेतलीच तर कोणी 'कधीही भरून न येणारी पोकळी' म्हणताच त्याला खाली बसवावे.

कलम ६. साक्षीदार.

फाटेखेरीज साक्षीदार गणिताच्या बाई, शाळेतली माझी मैत्रीण. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले पाहिजे. गणिताच्या बाईंच्या गुडघ्यांच्या वाट्या गेल्या आहेत, त्यांना जिना चढता येत नाही. मला खाली जाऊ देत नाहीत. त्यामुळे सगळे लिहून झाले तरी हे मृत्युपत्र नुसता कागदच आहे. 'दडपणाखाली न येता' हे शब्द का लिहिले नाहीत, ते आता कळले असेल. मी इथे अडकले आहे. माझीच वाक्ये ऐकत एक दिवस इथेच मरेन, याची मला फार भीती वाटते.

आज फाटे आली तेव्हा मी तिला हे सगळे वाचायला दिले आणि वर्गात सांगायचे तसे सांगितले, वाचून काय वाटले ते खाली लिही.

वाचकाचा अभिप्राय.

बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिते. कलम २ आणि ३ मला पटली. तुमची उत्तरं मीही पाठ केली होती आणि त्यावरच पहिली आले, हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते लिहायला हवं. शोकसभेचं वाचून हसू आलं. पुस्तकांचं वाईट वाटलं.

कलम १ आणि ६ मला पटली नाहीत. जाळीच्या दाराला कुलूप नाही. नुसती कडी आहे आणि ती जिन्याच्या बाजूनेही निघते. मी जाताना दर वेळी आतूनच काढते. तुम्हाला खाली जाऊ देत नाहीत असं लिहिलंत, पण तुम्ही कोणाला विचारल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी दिलेली काठी कपाटावर आहे, तिच्यावर धूळ आहे. मला वाटतं, तुम्हाला कोणी कोंडलेलं नाही. खाली गेलात तर ती मुलं तुमच्या तोंडावर तुमचंच उत्तर म्हणतील, ते तुम्हाला ऐकवणार नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण मला खरंच तसं वाटलं.

पुरवणी.

वरचा अभिप्राय मी वाचला. मला संताप आला. मी तिला म्हटले, "चालती हो. पुन्हा वर येऊ नकोस." ती गेली. मग मी कागद पुन्हा वाचला, लाल पेन घेऊन. मला त्यात खोडण्यासारखे काही सापडले नाही. तासभर मी पलंगावर बसून रडले, हेही नोंदवते.

हा अभिप्राय मृत्युपत्राचा भाग समजावा. कलम १ आणि ६ मी बदलत नाही, कारण लिहिताना मला तसेच वाटत होते. भाचेसुनेला सांगून काठी कपाटावरून काढून घेतली आहे. उद्या दुपारी वर्गाच्या वेळी या, असा निरोप गणिताच्या बाईंना पाठवला आहे, आणि फाटेलाही.

सही: (केली आहे)
ठिकाण: खालचा हॉल
दिनांक: एकोणीस जुलै

साक्षीदार पहिली, गणिताच्या बाई: सगळे वाचले. भाषेतले मला कळत नाही, पण कोणाला काय द्यायचे त्याचा हिशोब बरोबर आहे. सही माझ्यासमोर झाली. जिना उतरायला यांना फार वेळ लागला. मी खाली खुर्चीत बसून वाट पाहिली.

साक्षीदार दुसरी, फाटे: मी जे पाहिलं ते लिहिते. बाई काठी टेकत उतरल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कडी त्यांनीच काढली. हॉलमध्ये मुलं कवितेचं उत्तर म्हणत होती. बाई दिसल्यावर सर उठून उभे राहिले आणि मुलं गप्प झाली. पहिल्या बाकावर एक मुलगी होती. बाईंनी तिला विचारलं, "कविता वाचून तुला काय वाटलं गं?" ती मुलगी सरांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "कोणती कविता?" सर म्हणाले, "आत्या, कविता अजून घेतलेली नाही. आधी उत्तर करून घेतो." बाई त्या मुलीच्या शेजारी बाकावर बसल्या आणि तिला पुस्तक काढायला सांगितलं. पुस्तक कोरं करकरीत होतं, कवितेची पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने ती नखाने सोडवली आणि मोठ्याने वाचायला लागली. सही वर्ग सुटल्यावर झाली.